पडद्यावरची फेरीबोट

माझ्या नोकरीबद्दल कुणी विचारलं की मी "टीव्हीवर आहे" असं सांगायची, आणि समोरचा माणूस माझा चेहरा निरखून बघायला लागायचा. हिला कुठे बरं पाहिलंय? कुठेच पाहिलेलं नसायचं. मग मलाच खुलासा करावा लागायचा, की पडद्यावर दिसतात ती माणसं वेगळी, मी आत बसते. आत बसून काय करतेस, हा पुढचा प्रश्न. बटणं दाबते, असं मी सांगायची आणि तिथेच बोलणं संपायचं. बटणं दाबण्याबद्दल कुणाला आणखी काय विचारावंसं वाटणार?

उत्तर खोटं नव्हतं. पणजीच्या टेकडीवरच्या टीव्ही केंद्रात मास्टर कंट्रोल नावाची एक खोली होती आणि तिच्यात माझी खुर्ची होती. दिल्लीहून येणारं चित्र, मुंबईहून येणारं चित्र, आमच्या स्टुडिओतलं, कॅसेटच्या यंत्रांवरचं, सगळं आधी या खोलीत यायचं. समोरच्या भिंतीवर टीव्हींच्या दोन रांगा होत्या. त्यातलं कुठलं चित्र या क्षणी घराघरांत जाणार ते माझ्या बोटाखाली ठरायचं. गोवा राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि संध्याकाळचा थोडा वेळ आमच्या स्वतःच्या कार्यक्रमांना मिळायला लागला होता. दिल्ली सोडायची, गोवा धरायचा, गोवा आटोपला की पुन्हा दिल्ली धरायची. कॅसेट काही सेकंद आधीच फिरवून ठेवायला लागायची, नाहीतर यंत्र वेग घेईपर्यंत चित्र थरथरत राहायचं. आवाजाचा काटा लाल रेघेच्या पलीकडे जाऊ द्यायचा नाही. आणि पडदा काळा होऊ द्यायचा नाही. हे शेवटचं सगळ्यांत मोठं. काहीही दाखव, पण काळं दाखवू नकोस, असं मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

हे काम नीट झालं तर ते झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. चुकलं की मात्र पेडण्यापासून काणकोणपर्यंत सगळ्यांना कळतं. बातम्या वाचणाऱ्या बाईला म्हापशाच्या बाजारात मासळीवाल्या ओळखायच्या, चांगला बांगडा निवडून द्यायच्या. मी तिच्या शेजारी पिशवी धरून उभी. मला त्याचं काही वाटायचं नाही असं मी म्हणायची. वाटायचं.

फोन यायचे ते तक्रारींचेच. तेव्हा भाषेचा वाद ताजा होता. कोकणी कार्यक्रम लागला की मराठीवाल्यांचा फोन, मराठी लागला की कोकणीवाल्यांचा. ड्यूटी ऑफिसर जागेवर नसला तर ते फोन माझ्या खोलीत यायचे आणि माझा राग नाकावर बसलेला असायचा. एका गृहस्थाला मी विचारलं, "तुम्ही घरात भांडता कुठल्या भाषेत?" त्यांनी फोन आपटला. आमच्या घरात आरती मराठीतून आणि आरतीनंतरची बोलणी कोकणीतून, यात काही वाद घालण्यासारखं आहे हे मला पणजीला येईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांना उष्णता सोसत नाही म्हणून एसी सदैव चालू, त्यामुळे भर मे महिन्यात मी स्वेटर घालून बसलेली असायची. शिफ्टला एकच ऑपरेटर. आम्ही दोघंच होतो, मी आणि मोपाच्या पठारावरचा एक वयाने मोठा गृहस्थ. तो सकाळची यंत्रांची देखभाल बघायचा, मी संध्याकाळचं प्रसारण. तो निघताना आणि मी येताना आमची गाठ पडायची, तेवढ्यात तो कुठलं यंत्र कुरकुरतंय ते सांगायचा आणि डबा उचलून चालू लागायचा. त्यानंतर मी एकटी. भिंतीवर माणसं हसायची, गायची, भाषणं करायची आणि त्यातलं एकही माझ्याकडे बघत नसे. इतक्या चेहऱ्यांसमोर बसून एकटं वाटतं हे कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून मी सांगत नव्हते.

घर नार्वेला होतं. घर म्हणजे आई. वडील मी शाळेत असतानाच गेले, भावंडं नाहीत. पणजीहून नार्वे काही परदेश नाही. बसने जुन्या गोव्याला यायचं, फेरीबोटीने दिवाडी बेटावर उतरायचं, बेट ओलांडून दुसरी फेरीबोट धरायची की समोर आमचा धक्का. पण माझी शिफ्ट संपेपर्यंत परतीच्या बसेस थांबलेल्या असायच्या. म्हणून मी पणजीत एका खोलीत भाड्याने राहत होते. घरमालकीण एक ख्रिश्चन विधवा, आम्ही सगळे तिला आंटी म्हणायचो. रात्रीला कुणाला राहू द्यायचं नाही, एवढा एकच तिचा नियम आणि तो तिने खोली दाखवण्याआधी सांगितला होता.

आईने माझ्याकडे येऊन राहावं म्हटलं तर घरातल्या देवांना दिवा कोण लावणार, असा तिचा प्रश्न. आणि नुसतं भेटायला यायचं तर आईचा स्वभाव आड यायचा. निमित्ताशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही, हा तिचा बाणा. आजारपण असेल, कार्य असेल, कुणी गेलं असेल, लग्नघरी तांदूळ निवडायला बोलावलं असेल, तर ती सगळ्यांच्या आधी हजर. उगीच म्हणून मात्र ती कधी शेजारच्या ओसरीवरही बसली नाही. लेकीची नोकरीची जागा तर तिच्या लेखी सरकारच. तिथे काम नसताना जायचं म्हणजे तिला अगदी कसंसंच वाटायचं.

तेव्हा आमच्या वाड्यावर फोन नव्हता. टीव्ही मात्र होता, पसरो चालवणाऱ्या शेजाऱ्याकडे. दुकान पुढे, घर मागे, आणि अँटेना पोफळीला बांधलेली. नदीकाठच्या खोलगट जागेत चित्र जरा मुंग्या आल्यासारखं दिसायचं, पण दिसायचं. तिथून मला ही युक्ती सुचली.

दिल्लीचा कार्यक्रम संपायचा आणि आमचा सुरू व्हायचा, यांच्या मधे रोज थोडी फट राहायची. ती फट भरायला आमच्याकडे स्लाइडची एक पेटी होती. गोव्याची चित्रं: समुद्रकिनारे, देवळं, चर्च, काजूची बोंडं, भाताची शेतं. त्यातली कुठली लावायची ते ऑपरेटरच्या मर्जीवर. कुणी बघतच नाही, म्हणून कुणी विचारतही नसे. पेटी चाळताना एक दिवस हातात नार्वेचा धक्का आला. धक्क्याला लागलेली फेरीबोट, उतरता रस्ता आणि बाजूला ते वाकडं आंब्याचं झाड. कुणीतरी दिवाडीहून येताना बोटीतूनच काढलेला फोटो असणार. आमचं घर त्यात नव्हतं, पण घराकडे वळणारी वाट होती.

पुढच्या सुट्टीत मी आईला समजावून सांगितलं. मी कामावर असले आणि बरी असले, की संध्याकाळी आपला धक्का दाखवीन. तो दिसला की समजायचं, लेक सुखरूप आहे. कधी सुट्टी असेल, शिफ्ट बदलणार असेल तर आधीच सांगून ठेवीन. आणि न सांगता दिसला नाही तर?

"तर हांव येतां," आई म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली, की मला हसू आलं.

आता रोज शेजाऱ्याकडे जायचं तर तेही निमित्ताशिवाय कसं? म्हणून आई जाताना अबोलीची फाती, म्हणजे गजरा, घेऊन जायची. आमच्या अंगणात अबोली दाट होती. दुपारी ती केळीच्या दोऱ्यात फुलं ओवायची आणि संध्याकाळी ती फाती शेजारणीच्या हातात देऊन दाराजवळच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, टेकायची. धक्का दिसला की म्हणायची, "बरें आसा चेडूं," आणि उठायची. पुढचा कार्यक्रम कधी बघितला नाही. शेजारी तिची चेष्टा करायचे, की तुमची मालिका सुरू व्हायच्या आधीच संपते. इकडे मी रोज ती स्लाइड यंत्रात सरकवायची, बटण दाबायची आणि नदीपलीकडे आता आई उठली असेल असं मनात म्हणायची. दिवसभरातलं तेवढंच काम मला माझं वाटायचं. बाकी सगळं दिल्लीचं.

असं दोन-एक वर्षं चाललं.

मग पावसाळ्याच्या अखेरीला मला हिवताप झाला. आंटीच्या घराशेजारी मोठी इमारत उठत होती, बेळगाव-कोल्हापूरकडचे मजूर तिथेच पत्र्याच्या खोपट्यांत राहायचे, आणि साठलेल्या पाण्यावर डासांचं राज्य होतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत बरेचजण तापाने पडले. आधी थंडी वाजायची, मग अंग भाजायचं, मग घाम, आणि जरा बरं वाटतंय म्हणेपर्यंत पुन्हा थंडी. डॉक्टरने गोळ्या दिल्या. आंटी सकाळ-संध्याकाळ पेजेचा वाडगा आणून ठेवायची. "जेव गो," म्हणायची आणि ताप आपल्याला लागू नये म्हणून उंबऱ्यापासूनच परतायची. तिचं वय झालं होतं. मी तिला दोष देत नाही.

केंद्रावर तिने कळवलं होतं. घरीही निरोप धाडू का, असं तिने विचारलं होतं. नको म्हटलं मी. निरोपाची गरजच काय? आज संध्याकाळी धक्का दिसणार नाही. उद्या पहिल्या फेरीबोटीने आई निघेल. ती आली की मऊ भात करील, डोक्यावर हात ठेवील आणि आंटीच्या नियमाचं काय करायचं ते तीच बघून घेईल. तापातही मला याचा दिलासा वाटत होता. जगात एकतरी माणूस असं आहे, की आपण नुसते दिसलो नाही तरी ते उठून चालू लागेल.

दुसरा दिवस गेला. आई आली नाही.

कदाचित शेजाऱ्यांकडे वीज नसेल, असं म्हटलं. तिसरा दिवस गेला. माझी सुट्टीही त्या तापातच सरली. आंटीचा टीव्ही हॉलमध्ये होता, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे. संध्याकाळी आमच्या केंद्राची सुरुवातीची धून भिंतीतून ऐकू यायची. त्याच्या आधी जरा वेळ काहीच आवाज नसायचा. तीच ती फट, स्लाइडची जागा. मी डोळे मिटून पडायची आणि मला दिसायचं, की आई कदेलीवर बसलीय आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी आलंय. आता उठली असेल. आता शेजारणीला सांगत असेल, उद्या देवाला दिवा लाव म्हणून. मग सकाळ व्हायची, बाहेरच्या बसचा आवाज यायचा, फाटक वाजायचं आणि दूधवाला निघून जायचा.

मग मनात नको ते विचार यायला लागले. आईलाच काही झालं नसेल ना? मी बरी असल्याचं तिला रोज कळत होतं, ती बरी असल्याचं मला कळायची सोय आम्ही ठेवलीच नव्हती. इतक्या दिवसांत हे कधी सुचलं नव्हतं. आणि दुसरा विचार याहून वाईट. आई धडधाकट असेल, तिने पाहिलं असेल आणि तरीही आली नसेल. तापात माणूस कसलाही विचार करतो. मी भिंतीकडे तोंड करून रडले. माझं कुणी नाही, असं तेव्हा मला अगदी स्पष्ट वाटलं, आणि ते वाटणं ताप उतरल्यावरही गेलं नाही.

अंगात जरा जोर आल्यावर आधी केंद्रावर गेले, रजेचा अर्ज द्यायचा होता. नार्वेला त्याच दुपारी निघणार होते. मोपाचा तो गृहस्थ माझ्या खुर्चीत होता. माझी नि त्याची अशा दोन्ही शिफ्टी तो एकट्याने ओढत होता, त्याचे डोळे तांबारले होते. मला बघून त्याला खरंच आनंद झाला.

"तुजो फोटो रोज लायलो," तो म्हणाला. "एकव दीस चुकूंक ना."

"कुठला फोटो?"

"फेरीबोट गो. तूं ना म्हूण तुजी फेरीबोट बंद कित्याक करची?"

मी तो फोटो रोज का लावते हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. त्याला एवढंच दिसलं होतं, की ही मुलगी रोज एकच स्लाइड लावते, तिच्या आवडीची असणार. ती आजारी आहे, भेटायला जायला आपल्याला सवड नाही, निदान तिचा फोटो तरी चालू ठेवू. एरवी आमची दोन वाक्यांच्या पलीकडे ओळख नाही, आणि त्या माणसाने माझ्यासाठी एवढी आठवण ठेवली होती. त्या आठवणीने माझी आई नार्वेलाच राहिली होती, लेक खुशाल आहे आणि सुट्टीच्या दिवशीही कामावर आहे असं समजून.

मला आधी त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. पण त्याच्या त्या तांबारलेल्या डोळ्यांकडे बघून कुणालाच ओरडता आलं नसतं. मी त्याला खरं काय ते सांगितलं. तो उठला, पेटीतून ती स्लाइड काढली आणि माझ्या खणात वेगळी ठेवली.

नार्वेला पोचले तेव्हा आई अंगणात फुलं तोडत होती. धडधाकट. मला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच बारीक झाला.

"वाळलें गो तूं."

"एसीत बसून बसून," मी म्हटलं.

तापाचं मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या फोटोवरचा तिचा विश्वास उडाला असता, आणि तो उडाल्यावर तिने संध्याकाळी कशाच्या भरवशावर उठून घरी यायचं? आतून मात्र मी रुसलेलीच होते. तिची काही चूक नाही हे कळत होतं, तरीही.

दुपारी ओसरीवर ती फाती ओवायला बसली आणि मी तिच्याजवळ लवंडले. ती शेजाऱ्यांचं सांगत होती, गाईचं सांगत होती. मग म्हणाली, "ह्या दिसांनी रोज दिसतालें तुजें. एकव दीस चुकूंक ना." तेच शब्द. मी डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने, हातातल्या फुलांवरून नजर न उचलता, ती म्हणाली, "एक सांगूं? रागार जावं नाका."

"काय?"

"तांगेर वतना म्हाका दिसता, आज येना जाल्यार बरें."

"काय येना जाल्यार?"

"तो फोटो." तिने एक फूल ओवलं. "आज येना जाल्यार, फाल्यां तुजेगेर येवपाक निमित्त मेळटलें."

मी उठून बसले. ती ओशाळून हसत होती, लेकीचं वाईट चिंतलं असं तिलाच वाटत असावं. "तशें न्हय गो," म्हणाली, "तूं बरेंच आसूं. पूण एक दीस, यंत्र बिघडून, कितेंय जावन..."

शेजाऱ्याच्या वाटेवर चालताना ती रोज मनात म्हणायची, आज तो फोटो न दिसला तर बरं. न दिसला तर उद्या लेकीकडे जायला निमित्त मिळेल. फोटो दिसायचा. मग ती "बरें आसा चेडूं" म्हणायची, घरी यायची, दिवा लावायची आणि एकटी जेवायची. शेजाऱ्यांना तिचं समाधान दिसायचं. मागचं दुसरं काही कुणाला दिसायचं नाही. मी समजत होते, की रोज संध्याकाळी मी तिला सांगतेय, मी बरी आहे. तिला रोज ऐकू येत होतं, येऊ नकोस.

आणि गेल्या आठवड्यात तर कमाल झाली होती. नदीच्या अलीकडे मी पडून होते आणि पलीकडे ती बसली होती, आणि आम्हा दोघींनाही एकच हवं होतं, की तो फोटो दिसू नये. तो बिचारा माणूस डोळ्यांत तेल घालून रोज तो दाखवत होता.

"मग यायचंस की," मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं. "कुणी अडवलं होतं तुला?"

"निमित्त नासतना?" आईने विचारलं. ती थट्टा करत नव्हती.

मी तेव्हाही तापाचं बोलले नाही. आता सांगायचं म्हणजे तिच्या त्या इच्छेवरच बोट ठेवल्यासारखं झालं असतं. संध्याकाळी तिच्याबरोबर शेजाऱ्यांकडे गेले. पडद्यावर कुठलंसं देऊळ आलं. आई माझ्याकडे बघून हसली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच पुढचा कार्यक्रम बघायला बसली, कारण लेक शेजारी होती.

चार दिवसांनी मी पुन्हा कामावर रुजू झाले. स्वेटर घातला, काटे तपासले, कॅसेट लावून ठेवली. दिल्लीचा कार्यक्रम संपत आला तेव्हा खणातून धक्क्याची स्लाइड काढली. हातात धरली. आई आता फाती घेऊन निघाली असेल. मी ती स्लाइड परत खणात ठेवली आणि पेटीतून भाताचं शेत काढून लावलं. पडद्यावर हिरवंगार शेत आलं, माझ्या आयुष्यात मला इतकं भयंकर शेत कधी दिसलं नव्हतं. तिला काय वाटलं असेल, रात्र कशी काढील, या विचाराने मला झोप लागली नाही. लगेच कुणालातरी पाठवून सांगावं असंही वाटलं. पाठवायला कुणी नव्हतं.

सकाळी फाटक वाजलं. दूधवाला येऊन गेला होता. मी धावतच बाहेर आले. आई उभी होती, हातात कापडी पिशवी आणि अबोलीची फाती, दोन फेरीबोटींचा वारा लागून विस्कटलेली. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, माझ्या कपाळाला हात लावला, आणि मग तिचा जीव भांड्यात पडलेला मला दिसला.

"शेत दाखयलें तूंवें," ती म्हणाली. बाकी काही विचारलं नाही.

खोलीत येऊन तिने पिशवी उपसली. वर काढ्याच्या मुळ्या, देवळातला अंगारा, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, लिंबं. त्याखाली उकडे तांदूळ, नारळ, फणसाचे पापड आणि तिचं नेसायचं एक जादा लुगडं. मी त्या दोन ढिगांकडे बघत राहिले.

"दुयेंत आसलें जाल्यार हें," तिने मुळ्यांकडे बोट दाखवलं, "बरें आसलें जाल्यार हें." आणि लुगडं खुंटीला टांगलं.

तेवढ्यात दारात आंटी. मला धडकीच भरली. मी नियमाचं काही बोलणार इतक्यात आंटीने आईने आणलेली अबोलीची फाती बघितली, खुंटीवरचं लुगडं बघितलं आणि म्हणाली, "आवयक सोयरें कोण म्हणटा?" आईला पाहुण्यांचा नियम लागू नव्हता; थोड्या वेळाने तिने एक गादीही पाठवली.

संध्याकाळी ड्यूटी ऑफिसरची परवानगी काढून मी आईला केंद्रावर नेलं. ती चपला बाहेर काढून आत आली. मी नको म्हटलं तरी काढल्याच. कदेल ओढून तिला माझ्या बाजूला बसवलं आणि माझा स्वेटर तिला घातला. ती बराच वेळ भिंतीवरच्या टीव्हींकडे बघत होती. मग खोलीभर नजर फिरवली.

"जनेल ना?"

"खिडकी नाही."

"इतले टीव्ही, आनी तूं एकटेंच?"

मी मान हलवली. माझ्या कामाबद्दल इतक्या जणांनी इतकं विचारलं होतं, हे कुणी विचारलं नव्हतं. सुदैवाने दिल्लीचा कार्यक्रम संपत आला होता. मी वळले, सवयीने खण उघडला, स्लाइड सरकवली, बटण दाबलं. लाल दिवा लागला आणि समोर आमचा धक्का आला, बोट, उतार, आंब्याचं झाड. नार्वेला मुंग्या आलेला दिसणारा तो फोटो इथे इतका स्वच्छ होता, की झाडाची पानं मोजावीत. आई पुढे वाकून बघत राहिली. मग माझ्याकडे वळली.

"हांव तर हांगा आसां मगो," ती म्हणाली. "आतां हें कोणाक?"

बघणारी तर माझ्या शेजारीच होती. मी हसले. त्या खोलीत मी मोठ्याने हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

पुढे कित्येक वर्षं आमचं असंच चाललं. मला फार एकटं वाटायला लागलं की मी शेत दाखवायची आणि दुसऱ्या सकाळी आई पिशवी घेऊन यायची, खाली-वर दोन्ही सामान घेऊन. का दाखवलंस, असं तिने कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नंतर तिचे गुडघे गेले. दिवाडी पायी ओलांडताना ती दोनदा वाटेत बसली, असं कुणीतरी मला सांगितलं. त्यानंतर मी शेत बंद केलं. कितीही वाटलं तरी रोज धक्काच लावला, तिला निघावं लागू नये म्हणून. ते तिला कळत असणारच.

आई गेली ती नार्वेलाच, झोपेत. दिवस-कार्य आटोपून मी कामावर आले. मोपाचा गृहस्थ जायला उठला, पण नेहमीसारखा डबा उचलून लगेच निघाला नाही, थोडा वेळ माझ्याजवळ उभा राहिला. मग तोही घरी गेला. दिल्लीचा कार्यक्रम संपत आला. मी खण उघडला. स्लाइड कडेने पिवळी पडली होती. ती यंत्रात सरकवली, बोट बटणावर ठेवलं, आणि बाजूच्या रिकाम्या कदेलीवरून आईने विचारलं, आतां हें कोणाक?

पडदा काळा ठेवायचा नव्हता, म्हणून मी बटण दाबलं.